सर्व्हरवरचं पॅकेज ‘काढणे’: रिमूव्ह आणि पर्जला मराठीत काय म्हणावं?

परभणीकर: लॅबच्या पोरांसाठी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरची मराठी टिपणं लिहितोय. इन्स्टॉलला ‘बसवणे’ बरोबर जमतं. अडलंय ते पॅकेज (प्रोग्रॅम आणि त्याच्या फाइलींचा गठ्ठा) काढायच्या दोन कमांडवर, रिमूव्ह आणि पर्जवर. दोन्हीकडं ‘काढणे’ लिहिलं तर फरकच जातो. ‘विस्थापित करणे’ चालेल का?

नांदेडकर: विस्थापित नको, सर. आपल्याकडं विस्थापित म्हणजे जायकवाडीच्या पाण्यात ज्यांची गावं गेली ती माणसं. एक जागा सोडून दुसरीकडं जाणं त्या शब्दात आहे. पॅकेज दुसरीकडं जात नाही.

फरक आधी नेमका सांगा, शब्द मग सुचेल. एपीटी (उबुंटूचं पॅकेज बसवायचं-काढायचं साधन) रिमूव्ह प्रोग्रॅमच्या फाइली पुसतं, पण ईटीसी फोल्डरमधल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली ठेवतं. तेच पॅकेज पुन्हा बसवलं की जुनी सेटिंग जशीच्या तशी लागू होते. पर्ज त्या कॉन्फिगही पुसतं. बसलेल्या पॅकेजांची यादी दाखवणारी डीपीकेजी डॅश एल (dpkg -l) चालवा; डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या खालचं साधन. ओळीच्या सुरुवातीला ‘आरसी’ दिसलं तर पॅकेज काढलंय पण कॉन्फिग शिल्लक आहे. ‘आयआय’ म्हणजे नीट बसलेलं.

लातूरकर: मग ‘आरसी’ला शब्द आपल्या रानात तयार आहे: धसकट. तूर कापली तरी धसकटं राहतातच, ती वेचायला वेगळी फेरी मारावी लागते. रिमूव्ह म्हणजे ‘काढणे’, पर्ज म्हणजे ‘धसकटासह काढणे’. पोरांना दुसऱ्यांदा समजवावं लागणार नाही.

नांदेडकर: धसकट झकास. मी ‘समूळ काढणे’ सुचवणार होतो, पण ते खोटं ठरलं असतं. होम फोल्डरमधल्या वापरकर्त्याच्या सेटिंगला पर्ज हात लावत नाही. उलट मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर पर्ज करताना डेटाबेसही पुसायचे का, असा वेगळा प्रश्न येतो. तिथं घाईत ‘हो’ दिलं की सगळा डेटा गेला. बॅकअप घेतल्याशिवाय तिथं बोट लावू नये, हे टिपणात ठळक लिहा.

परभणीकर: एनजिनएक्स (वेब सर्व्हर) पर्ज केलं तरी ईटीसीमधला त्याचा फोल्डर तसाच राहतो. तो हातानं उडवून पुन्हा बसवलं तर सर्व्हिस उठत नाही. हे टिपणात कुठं घालायचं?

नांदेडकर: हे धसकट दुसऱ्याच पॅकेजच्या नावावर आहे. त्या कॉन्फिग एनजिनएक्स-कॉमनच्या मालकीच्या, म्हणून पर्ज त्याला करायचं. आणि हातानं पुसलेली कॉन्फिग डीपीकेजी आपणहून परत आणत नाही. सर्व्हर चालवणाऱ्यानं मुद्दाम पुसली असं ते धरतं. रीइन्स्टॉल कितीही वेळा केलं तरी फोल्डर अर्धवटच राहणार. एनजिनएक्स-कॉमन पर्ज करून मग एनजिनएक्स बसवा, नाहीतर डीपीकेजीला फोर्स-कॉन्फमिस (गायब कॉन्फिग परत आणायचा पर्याय) द्या.

जालनेकर: अल्मालिनक्स या दुसऱ्या लिनक्सवाल्यांसाठी एक ओळ जोडा. तिथं एपीटीच्या जागी डीएनएफ असतं, आणि डीएनएफमध्ये पर्ज नाहीच. रिमूव्ह केलं की न बदललेली कॉन्फिग पुसली जाते, आणि आपण बदललेली असेल तर तिच्या नावाच्या शेवटी ‘आरपीएमसेव्ह’ लागून ती बाजूला राहते. पुन्हा बसवल्यावर नवी कोरी कॉन्फिग येते, जुनी सेटिंग हातानं आणावी लागते. म्हणजे रिमूव्ह हा एकच शब्द दोन सिस्टिमवर दोन अर्थांनी चालतो. मराठीत तरी दोन्हींसाठी एकच वाक्य छापू नका.

परभणीकर: ठरलं: बसवणे, काढणे, धसकटासह काढणे. ऑटोरिमूव्हला?

लातूरकर: ‘बिनगरजेची काढणे’. सोबत म्हणून आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं ते काढतं. पण यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबायचं नाही. आधी डॅश एस (-s) लावून नुसती तालीम करा, सर्व्हरवर काही बदलत नाही. हवं असलेलं पॅकेज यादीत दिसलं तर एपीटी-मार्क मॅन्युअल करून ते राखून ठेवा, मगच खरी कमांड.