मदत हवी आहे: स्कायवर्ड स्वोर्ड हात फिरवून खेळू की बटणांवर?

मंडळी, झेल्डा मालिकेतला व्हिडिओ गेम 'स्कायवर्ड स्वोर्ड एचडी' (निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवरचा, २०२१ चा) नुकताच सुरू केलाय. मूळ गेम २०११ मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या वी कन्सोलवर आला तेव्हा कंट्रोलर धरून तलवारीसारखा हात फिरवण्यावाचून इलाजच नव्हता, मोशनप्लस (हाताची हालचाल अचूक टिपणारं तंत्र) लागायचंच. आता बटणांचाही पर्याय आहे, आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

हात फिरवून खेळताना मजा येते हे खरं. डेकू बाबाचा (जबडेवाल्या राक्षसी रोपट्याचा) जबडा आडवा उघडला की आडवा वार, उभा उघडला की उभा. पण गिराहिम, तो खलनायक! तलवार जिकडे नेऊ तिकडे त्याचा हात, आणि वार चुकला की तलवारच पकडतो. मी डावीकडून वार करायला म्हणून हात डावीकडे नेतो, तर ती हालचालच वार धरली जाते. दोष माझ्या मनगटाचाच असणार, मी घाईघाईने झटके देतो. दर दोन मिनिटांनी वाय बटण दाबून पॉइंटर मध्यावर आणतोय ते वेगळंच. (आई म्हणते, माश्या मारतोयस का?)

बटणांवर उजव्या स्टिकने वार होतात, पण मग कॅमेरा फिरवायला एल बटण धरून ठेवावं लागतं. ते बोटांत बसेना.

ज्यांनी पूर्ण खेळलाय त्यांनी सांगा: मनगट हळू फिरवायची सवय किती दिवसांत लागली? की सरळ बटणांवर जाऊ? आणि कोणी मध्येच पद्धत बदलली असेल, तर कुठल्या टप्प्यावर?