मदत हवी आहे: ५% नॅनोक्ले घातल्यावर स्टार्च फिल्मचा बाष्परोध उलट घटतो

मक्याचा स्टार्च पाण्यात ५%, ग्लिसरॉल (फिल्म लवचीक ठेवायला) स्टार्चच्या ३०%. ९० अंश सेल्सिअसला अर्धा तास ढवळून ओततो, ४० अंशांना वाळवतो. सोडियम मॉन्टमोरिलोनाइट (हीच नॅनोक्ले, अतिसूक्ष्म थरांची माती) रात्रभर पाण्यात फुगवून, सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी विखरून) गरम जेलमध्ये घालतो.

३% क्लेपर्यंत बाष्पपारगम्यता (फिल्ममधून पाण्याची वाफ किती जाते ते) उतरते. ५% ला फिल्म धुरकट, खालची बाजू खरखरीत, आणि पारगम्यता पुन्हा चढते. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) क्लेचं ७ अंशांजवळचं शिखर ५ अंशांकडे सरकतं (कॉपर के-अल्फा क्ष-किरण), म्हणजे थरांतलं अंतर साधारण १.२ वरून १.८ नॅनोमीटर. पण एवढं तर नुसतं ग्लिसरॉल शिरूनही होतं. स्टार्च आत गेलाय असं मी त्यावरून धरत नाही.

मोजणी कप पद्धतीने (कपाच्या तोंडावर फिल्म लावून वजनातला बदल मोजून), फिल्म ५३% सापेक्ष आर्द्रतेला स्थिरावल्यावर, जाडी सारखीच. सोनिकेशन वाढवून फरक नाही. ग्लिसरॉल २०% केलं की फिल्म सोलतानाच तडकते. अन्नाच्या वेष्टनासाठी हवी असल्याने क्वाटर्नरी अमोनियमवाली (सेंद्रिय क्षाराने बदललेली) क्ले नको. एक्स्ट्रूडर (वितळवून दाबाने फिल्म काढणारं यंत्र) नाही, फक्त कास्टिंग (ओतून वाळवणं).

ग्लिसरॉल सगळ्यात शेवटी, जेलमध्ये क्ले मुरल्यावर घातलं तर स्टार्चला थरांत आधी शिरायला वाव मिळतो का? की कच्च्या स्टार्चच्या घोळातच क्ले घालून दोन्ही एकत्र तापवावं? कोणी दोन्ही क्रम करून पाहिले असतील तर ५% ला पारगम्यतेत काय फरक पडला?