डीएनए ९९.९ टक्के सारखा, मग गुन्हेगार सापडतो कसा?

बंड्या_बारामतीकर:
सिरीयलमध्ये एक केस सापडला की लॅबवाला पाच मिनिटात "मॅच झाला सर" म्हणतो. पण सगळ्या माणसांचा डीएनए ९९.९ टक्के सारखाच असतो ना? मग उरलेल्या चिमूटभरावरून हाच तो, असं कोर्टात छातीठोकपणे कसं सांगतात? आणि सलूनमध्ये माझे एवढे केस पडतात, ते उद्या कोणी उचलून भलतीकडे टाकले तर मी अडकणार का? हसू नका, सिरीयसली विचारतोय.

मृण्मयी:
चिमूटभर कसलं, डीएनएची एकूण अक्षरं (ए, टी, जी, सी हे चार घटक) ३०० कोटी, त्याचं ०.१ टक्का म्हणजे तीसेक लाख झाले की. शिवाय फॉरेन्सिकवाले सगळा डीएनए वाचत बसत नाहीत, ठराविक जागा बघतात जिथे छोटा तुकडा लागोपाठ रिपीट होतो. उदा. टीएच०१ नावाच्या जागेवर एएटीजी हा तुकडा, कोणाला आईकडून ६ वेळा आलेला असतो, वडलांकडून ९ वेळा. आता ६-९ वाले ढिगाने निघतील, पण अमेरिकेत २०१७ पासून अशा २० जागा बघतात आणि वीसच्या वीस जुळणारा दुसरा माणूस मिळणं जवळपास अशक्य, एकसारखी जुळी भावंडं सोडून.
सलूनचं टेन्शन घेऊ नका. कापलेल्या केसाला मूळ नसतं, त्यामुळे या टेस्टला लागणारा पेशीच्या केंद्रकातला डीएनए त्यात सहसा पुरेसा मिळत नाही. मायटोकॉन्ड्रियल (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला) मिळतो पण तो आईकडून येतो, म्हणजे तुमचा आणि तुमच्या सख्ख्या मावसभावाचा सारखाच!

जुना_वाचक:
+१. गंमत म्हणजे पहिल्याच गाजलेल्या केसमध्ये डीएनएने आधी एकाला सोडवलं. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ १९८३ आणि १९८६ ला दोन शाळकरी मुलींचे खून झाले, १७ वर्षांच्या एका पोराने दुसरा खून कबूलही केला, पोलिसांना वाटलं पहिलाही ह्यानेच केला असणार म्हणून त्यांनी लेस्टर युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅलेक जेफ्रीजना गाठलं (त्यांनी हे तंत्र १९८४ मध्ये शोधलेलं). रिपोर्ट आला की दोन्हीकडे माणूस एकच, पण तो हा पोरगा नव्हे! मग आसपासच्या साधारण ५ हजार पुरुषांचे नमुने घेतले, तरी कोणी जुळेना. कारण कॉलिन पिचफोर्क नावाच्या बेकरीवाल्याने स्वतःऐवजी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलेलं, आणि तो सहकारी पुढे पबमध्ये हे बोलून गेला. १९८८ ला पिचफोर्कला जन्मठेप झाली.

बंड्या_बारामतीकर:
भारीच! म्हणजे मॅच झालं की विषय संपला ना?

मृण्मयी:
अजिबात नाही. डीएनए कोणाचा ते कळतं, तो तिथे आला कसा ते नाही कळत. जर्मनीत हाइलब्रॉनला २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथे सापडलेला एका बाईचा डीएनए आधीच्या कितीतरी गुन्ह्यांत मिळालेला, खुनापासून किरकोळ घरफोडीपर्यंत. पोलीस वर्षानुवर्षं त्या बाईच्या मागे. २००९ ला उलगडा झाला की असली गुन्हेगार बाईच नाही, नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कामगार बाईचा तो डीएनए! काड्या निर्जंतुक होत्या, पण त्याने जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो.

जुना_वाचक:
ही केस माहीतच नव्हती, कहर आहे. जाता जाता, आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंगसाठी स्वतःचा प्रोब (डीएनएतल्या ठराविक जागा शोधणारा तुकडा) तयार केला, तो चक्क पट्टेरी मण्यार सापावरच्या संशोधनातून. राजीव गांधी हत्येच्या तपासातही त्यांच्या टीमची मदत घेतलेली.