अख्खा बांगडा रेशाद (गोव्याचा तिखट-आंबट लाल मसाला) भरून तळायचाय, पहिल्यांदाच. चीर कुठून द्यायची?

पाटोवरची
पणजी मार्केटातून चार बांगडे आणणार आहे, प्रत्येकी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचे. आजवर कापलेले तुकडेच हाताळलेत. अख्खा मासा पोटाकडून चिरायचा की पाठीकडून? आणि साल तव्याला चिकटू नये, मसाला तेलात उतरू नये म्हणून काय करायचं?

विळीवाली
पाठीकडून. पोटाची कड पातळ असते, ती उघडलीत तर मसाला तिथूनच बाहेर पडतो.

आधी कात्रीने पर कापा. बांगड्याचे खवले बारीक असतात. सुरीच्या बोथट बाजूने शेपटीकडून डोक्याकडे हलक्या हाताने घासलं की झालं, जोर लावलात तर साल फाटेल. मग कल्ल्याचं झाकण उचला, तांबडे कल्ले घट्ट धरून ओढा, बरीचशी आतडी त्यांच्यासोबत येते. उरलेली काढायला गळ्याखाली लहानशी चीर पुरे. पित्त फुटलं तर लगेच धुवा, नाहीतर तेवढा भाग कडू लागतो. आत काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ असते, ती वाहत्या पाण्याखाली नखाने खरवडा. नवखे हीच विसरतात आणि मग वासाचा दोष मसाल्याला देतात.

आता चीर. मासा आडवा ठेवून पाठीच्या कडेने, डोक्यामागून शेपटीच्या दोन बोटं अलीकडेपर्यंत, सुरी मधल्या काट्याला लावून चालवा. सुरी काट्यावर खरखरत राहिली पाहिजे. खरखर थांबली तर ती मांसात शिरलीय. पोटाकडची कड कापू नका. मासा उलटून दुसऱ्या बाजूलाही तेच, की दोन खिसे तयार. डोकं राहू द्या, मासा त्याने धरून राहतो.

चौघांना मिळून एक चमचा मीठ आतबाहेर चोळा, 15 मिनिटांनी सुटलेलं पाणी ओतून कोरडे पुसा. न पुसता तळलेला बांगडा चिकटणारच.

माडाखालचा
मसाल्याचं माप, चार बांगड्यांना: 10-12 काश्मिरी मिरच्या, 7-8 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, 8-10 मिरे, 3-4 लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, चमचाभर साखर, मीठ बेताने. मिरच्या माडाच्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून त्यातच वाटा. पाण्याचा थेंबही नको. मसाला तेलात उतरतो तो पाण्यामुळेच. चमचा उलटा केला तरी पडू नये इतका घट्ट हवा. खिशात पातळसर थर भरा. ठासून भरलात तर मासा शिजतो आणि मधला मसाला कच्चा राहतो.

दर्यावळ
वरचं सगळं ठीक, पण आधी बांगडा ताजा हवा. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोट दाबलं तर खड्डा राहू नये. पोट फुटलेला घेऊच नका. बांगडा उन्हात किंवा गरम गाडीत राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून किंवा शिजवून जात नाही. अंग लाल होणं, खाज, डोकेदुखी हे त्याचे प्रताप. पिशवीत बर्फ टाकून आणा. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरबंदी असते, तेव्हा तर दुप्पट पारखून घ्या.

पाटोवरची
आभार. रवा लावायचा का? आणि माडाचं व्हिनेगर नाही मिळालं तर?

विळीवाली
भरलेल्या बांगड्याला रवा हवाच असं नाही. बाहेरून लावायचाच तर बारीक, आणि जादा झटकून टाका, नाहीतर तोच तेलात जळून काळा होतो.

आधी तवा तापवा, मग 3-4 चमचे तेल, तेही तापलं की आच मध्यम करा. एका बाजूला 5 मिनिटं हात लावू नका. साल भाजलं की आपोआप सुटतं, आधी ओढलंत की तुटतं. आच मोठी नको, मसाल्यातली साखर आणि मिरची माशाआधी करपते. पाठीच्या चिरेतून काट्याजवळ बघा: मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटत असेल तर झालं.

माडाखालचा
साधं पांढरं व्हिनेगर चालेल, पण जास्त जहाल असतं, थोडं कमी घाला. लिंबू त्याच दिवशीपुरतं ठीक. व्हिनेगरमधला मसाला मात्र काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये टिकतो, म्हणून दुप्पट वाटा. माशाला लावायचा तेवढा वेगळ्या वाटीत काढून घ्या. माशाचा हात लागलेला मसाला परत बाटलीत घालायचा नाही.