शॅमेलिऑन हातात घेतला की काळा पडतो

अबोली:
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मे महिन्यात मुलाच्या बाराव्या वाढदिवसाला व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आणला. तेव्हा तो तीन महिन्यांचा आहे असं दुकानात सांगितलं, म्हणजे आता आठ महिन्यांचा झाला. नाव पोपट्या. २० गॅलनची काचेची टाकी, वर दिवा, तळाला झाडाच्या सालींचे तुकडे, पाण्याची वाटी, हे सगळं दुकानातूनच मिळालं. वाटीतलं पाणी पिताना मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही.

मुलगा शाळेतून आला की हात घालून त्याला बाहेर काढतो. लगेच अंग काळपट होतं, गळा फुगतो, तोंड उघडून फुस्स करतो. गेल्या आठवड्यात बोटाला चावला. रक्त आलं नाही, पण मुलगा खूप रडला. "आई, मी त्याला आवडत नाही," एवढंच म्हणत होता. हाताची सवय कशी लावायची? आणखी एक, तीन दिवसांपासून खाणं कमी झालंय आणि सारखा खाली उतरून कोपऱ्यात नखांनी खरवडत बसतो.

माळरान:
ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. मागच्या पायाची टाच बघा. व्हेल्ड नराला तिथे छोटासा काट्यासारखा उंचवटा असतो, अगदी अंड्यातून बाहेर येतो तेव्हापासून. तो नसेल तर पोपट्या मादी आहे. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, ती फलित नसतात एवढंच. या वयाच्या मादीने खाणं सोडलं आणि जमीन उकरायला लागली, तर ती अंडी घालायला जागा शोधतेय. जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि ती दगावते. माझी पहिली मादी अशीच गेली. ती बाहेर पडायला बघतेय असं मला वाटलं होतं. अकरा वर्षं झाली, अजून विसरलो नाही.

आजच करा: फूटभर रुंद आणि तेवढीच खोल बादली घ्या, तिच्यात धुतलेली वाळू भरा. बोटाने बोगदा केला तर ढासळू नये इतकी ओली हवी. वर एक फांदी टेकवा म्हणजे तिला उतरता येईल. मग तिन्ही-चारी बाजूंनी चादर लावा आणि कुणी डोकावू नका. खणताना माणूस दिसला तर ती अर्धा बोगदा सोडून देते. एक-दोन दिवस खणेल, कधी रात्रभर आतच राहील, शेवटी माती लोटून बोगदा बुजवेल. पण दिवसा डोळे मिटून तळाशी निपचित पडली, तर वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, त्याच दिवशी.

अबोली:
टाचेला काही नाही! दोन्ही पाय बघितले. यांना वाळू आणायला पाठवलंय. बाकीचंही सांगा ना, दादा.

माळरान:
सालींचे तुकडे आजच काढा. किड्यावर जीभ मारताना तुकडा पोटात गेला तर आतडं तुंबतं. तळ रिकामा असला तरी चालतो.

हे प्राणी मुळात येमेन आणि सौदी अरेबियाचे, झाडावर राहणारे. त्यांना लांबी नको, उंची हवी. २ फूट रुंद, २ फूट खोल आणि ४ फूट उंच जाळीचा पिंजरा घ्या आणि टेबलावर ठेवा, म्हणजे ती तुमच्या डोळ्यांच्या वर बसेल. वरून खाली बघणारा प्राणी तिच्या लेखी शिकारी असतो. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर दुसरा शॅमेलिऑन आलाय असं समजून ती दिवसभर धास्तावलेली राहते. तुमच्याकडे थंडीत हीटरने हवा कोरडी होते, तेव्हा जाळीच्या तीन बाजूंना बाहेरून प्लास्टिक लावा.

आत मनीप्लँट, जास्वंद लावा. पानं खाल्ली तरी हरकत नाही, व्हेल्ड खातातच. ऊब घ्यायच्या फांदीवर मादीला ८० फॅरनहाइटच्या आसपास पुरे. जास्त ऊब आणि जास्त खाणं मिळालं की अंडीही जास्त होतात. रात्री सगळे दिवे बंद, लाल दिवासुद्धा नको. यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, लांब नळी मात्र हवीच, १२ तास. तिच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं वाकतात. नळी पेटत असली तरी वर्षाने बदला, कारण उजेड राहतो पण यूव्हीबी संपतं. रातकिड्यांना आदल्या दिवशी भाजीपाला खाऊ घाला आणि देताना डी-३ जीवनसत्त्व नसलेल्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवा. डी-३ असलेलं महिन्यातून दोनदाच.

पाण्याबद्दल: साठलेलं पाणी ती बहुधा ओळखतच नाही. पानावरचा थेंब हलला, चमकला की चाटते. म्हणून पहाटे आणि रात्री पानांवर फवारा मारा आणि मधे सगळं सुकू द्या. डोळे खोल गेलेले दिसले किंवा विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला, तर पाणी कमी पडतंय.

आता तुमच्या लेकाचा प्रश्न. त्याला सांगा, ती त्याच्यावर रागावलेली नाही. वरून हात आला की तिला घार आल्यासारखं वाटतं. हा कुत्र्यासारखा अंगाशी घ्यायचा प्राणीच नाही, कुरवाळलेलं तिला कधीच आवडणार नाही. पण ओळख होते. दोन-तीन आठवडे तिला अजिबात उचलू नका. त्याने रोज एकाच वेळी पिंजऱ्याचं दार उघडून शांत बसावं, तळहातावर रेशीमकिडा धरावा. जीभ आली तर आली. पुढे हात खालून, फांदीसारखा, छातीपुढे स्थिर ठेवावा आणि तिला स्वतः चढू द्यावं. पकड कधी ओढून सोडवू नये, नखं नाहीतर पाय दुखावतो. रंग गडद झाला की परत फांदीवर. नंतर साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची भीती असते.

बोरीबाभळी:
आमच्याकडे बारामतीकडच्या माळावर बाभळीवर घोयरा दिसतो, तो यांच्यातलाच. लोक विषारी समजून दगड मारतात, फार वाईट वाटतं. गेल्या पावसाळ्यात पोरांनी एक पकडून आणला होता. घरी ठेवला असता तर चाललं असतं का?

माळरान:
नाही. तो १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. रस्त्यात दिसला तर काठीवर चढवून, तो ज्या बाजूला चालला होता त्या बाजूच्या झाडावर सोडा. विष त्याला नसतंच, हे पोरांना नक्की सांगा.

बोरीबाभळी:
तसंच केलं होतं. पोरांना उद्या पुन्हा सांगतो.

अबोली:
बारा दिवसांनी लिहितेय. वाळू ठेवली त्या रात्रीच खणायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी वाळू सपाट केलेली, आणि ती वर, एकदम बारीक झालेली. ४१ अंडी निघाली. मुलगा मोजताना कुजबुजत होता, तिला ऐकू जाईल म्हणून. उंच पिंजरा शनिवारी आला. काल सकाळी फवारा मारल्यावर ती जास्वंदीच्या पानावरचे थेंब कितीतरी वेळ चाटत होती, मी चहा तसाच ठेवून बघत राहिले. मुलाने अजून हात लावलेला नाही, रोज साडेचारला दारापाशी बसतो. या अंड्यांचं काय करू? आणि बादली आता काढू का?

माळरान:
अंडी टाकून द्या, त्यांतून काही निघणार नाही. बादली मात्र काढू नका, वाळू ओलसर ठेवा. काही महिन्यांनी तिला पुन्हा लागेल. या आठवड्यात पाणी थोडं जास्त द्या आणि कॅल्शियम चुकवू नका.