मदत हवी आहे : 'हीप' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी,

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी मराठीत टिपणं लिहिते आहे. स्टॅकला 'चळत' म्हटलं आणि ते प्रकरण सुरळीत पार पडलं. हीपपाशी मात्र अडले आहे.

रोजच्या इंग्रजीत हीप म्हणजे ढीग, तोही कसाही पडलेला. कपडे भिरकावले की हीप, घड्या घालून रचले की स्टॅक. पाइल दोन्हीकडे चालतो. 'हीप्स ऑफ टाइम' म्हणजे मुबलक वेळ, 'हीप्ड टीस्पून' म्हणजे शिगोशीग भरलेला चमचा. इथवर ढीग, रास, शीग यांवर माझं भागतं.

पण संगणकात हा शब्द दोनदा भेटतो. सी भाषेत मॅलॉक या फंक्शनने मागितलेली मेमरी हीपमधून येते. आणि प्रायॉरिटी क्यूसाठी (सगळ्यात महत्त्वाचं आधी बाहेर काढणारी रांग) वापरतात तो बायनरी ट्रीसुद्धा (प्रत्येकाखाली फार तर दोघे असलेली रचना) हीपच. आता मेमरीचा हीप आतून त्या ट्रीवर चालतो का? नसेल, तर दोघांना एकच नाव का? आणि मराठीत दोन निराळे शब्द योजावेत का? शिकणाऱ्याच्या डोक्यात सुरुवातीलाच घोळ बसला तर तो पुढे निघता निघत नाही, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद १ :
दोघांचा संबंध नाही. ट्रीवाला हीप १९६४ सालचा, जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी हीपसॉर्ट या क्रम लावण्याच्या पद्धतीसोबत मांडलेला. मेमरीच्या अर्थाने हा शब्द वेगळ्या वाटेने आला. अल्गोल ६८ या भाषेत 'हीप' हा कीवर्डच होता. तिथे रोजचा अर्थ सरळ लागू पडतो. स्टॅकवर जे शेवटी आलं ते आधी जातं, फंक्शन संपलं की त्याची जागा आपोआप मोकळी होते. हीपमधले तुकडे हवे तेव्हा घ्यावेत, हव्या त्या क्रमाने सोडावेत. सीमध्ये सोडायचं राहिलं की मेमरी गळती. जावात ते काम गार्बेज कलेक्टर करतो. हा फरक टिपणात ठळक लिहा, खरी गरज त्याचीच आहे.

प्रतिसाद २ :
ट्रीसाठी 'उतरंड' कसा वाटतो? सगळ्यात लहान मडकं वर, खाली मोठी होत गेलेली. मिन-हीप, म्हणजे सगळ्यात लहान आकडा वर ठेवणारा हीप, हुबेहूब!

प्रतिसाद १ :
शब्द गोड आहे, पण इथे फसवेल. उतरंडीत वरपासून खालपर्यंत एकच ओळ असते, म्हणजे सगळं क्रमवार लावलेलं. हीपमध्ये नियम फक्त वरच्याचा आणि त्याच्या थेट खालच्या दोघांचा. भावंडांमध्ये क्रम नसतो. मॅक्स-हीपचा (इथे वरचा खालच्या दोघांपेक्षा मोठा) हा अ‍ॅरे पाहा : ९, ५, ८, १, ४, ७. नऊ सगळ्यात मोठा आणि पहिला, पण पाचानंतर आठ आलाय आणि तरी हीप बरोबर आहे. मोजणी एकपासून धरली तर स्थान क च्या खालचे दोघे २क आणि २क+१ या स्थानांवर सापडतात. पाच दुसऱ्या स्थानी, त्याच्याखाली चौथा आणि पाचवा, म्हणजे एक आणि चार. पॉइंटर, म्हणजे पत्ते साठवणारे दुवे, लागतच नाहीत. विद्यार्थ्यांना हे कागदावर काढायला लावा.

मूळ प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. उतरंड सोडवत नव्हती, पण भावंडांचा मुद्दा पटला. आता 'हीप मेमरी' आणि 'हीप रचना' असं लिहिते, आणि दोन्ही प्रकरणं एकमेकांपासून लांब ठेवते. सहा आकड्यांचं उदाहरण घेते आहे.

एक राहिलं. वरचा आकडा काढला की शेवटचा आकडा त्याच्या जागी आणतात आणि मग खालच्या दोघांतल्या मोठ्याशी अदलाबदल करत योग्य जागी उतरवतात. या क्रियेला 'झिरपवणे' म्हणू की 'खाली सरकवणे'? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं, वर्गात कोणता शब्द चटकन कळतो?