चार्ली फेदर्स: उचकीपुरताच गायक? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

सांजफेर

मिसिसिपीतल्या होली स्प्रिंग्जजवळ १९३२ मध्ये जन्मलेला आणि पुढे मेम्फिसचाच झालेला गायक चार्ली फेदर्स हा रॉकबिलीच्या, म्हणजे कंट्री आणि ब्लूजच्या मिश्रणातून आलेल्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलच्या, चाहत्यांमध्ये देवासारखा पुजला जातो. त्या वर्तुळाबाहेर मात्र त्याचे नाव क्वचितच निघते. त्याच्या १९५४ ते १९६९ या काळातील ध्वनिमुद्रणांचा 'गेट विथ इट' हा दोन सीडींचा संच गिटारवादक जॉन फेही याने सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या 'रेव्हेनंट' कंपनीने १९९८ मध्ये काढला. फेदर्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. हा संच सलग ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे, की फेदर्स हा मुळात कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचा, गायक होता आणि भक्तांनी त्याच्या गाण्यातल्या उचक्यांचे (उचकी लागल्यासारखा आवाज मध्येच तोडण्याचे) इतके कौतुक केले, की त्यामागचा गळा ऐकायचा राहूनच गेला.

मेम्फिसच्या 'सन' या रेकॉर्ड कंपनीने १९५६ मध्ये काढलेले 'डीफ्रॉस्ट युअर हार्ट' घ्या. गोठलेले मन वितळव, अशी फ्रिजच्या भाषेतली ही प्रेमयाचना कागदावर वाचली तर हसू यावे. पण फिडल आणि स्टील गिटारच्या संथ साथीवर तो ती इतक्या सरळपणे गातो, की ओळीच्या शेवटी आवाज किंचित दुमडतो तेव्हा ऐकणाराच अवघडतो. 'सन'चा मालक सॅम फिलिप्स याने त्याच्याकडून कंट्री गाऊन घेतले, याबद्दल रॉकबिलीवाले आजही बोटे मोडतात. मला वाटते, फिलिप्सचा कान बरोबर होता.

खर्जातला

निरीक्षण मान्य, निष्कर्ष साफ अमान्य. कंट्रीचा मोठा गायक हँक विल्यम्स १९५३ मध्ये गेला आणि त्यानंतर दक्षिणेत त्याच्यासारखे दुःख आळवणारे गायक पैशाला पासरी झाले होते. त्या रांगेत फेदर्स चांगला ठरला असता, पण एवढेच. 'किंग' कंपनीसाठी १९५६ मध्ये त्याने 'वन हँड लूज', 'बॉटल टू द बेबी' आणि 'कान्ट हार्डली स्टँड इट' गायले, तसे गाणारा दुसरा कोणी दाखवा.

शेवटचे गाणे हेडफोन लावून ऐकावे. लय जवळजवळ रेंगाळते, आवाज कुजबुजीपर्यंत उतरतो आणि शब्द मध्येच असा तुटतो, की सहन होत नाही हे सांगणाऱ्या माणसाला खरोखरच बोलवत नाही असे वाटावे. तिथली उचकी काढून टाका आणि मग काय उरते ते मला सांगा.

दुसरा आक्षेप संचावरच आहे. पर्यायी टेक (त्याच गाण्याची दुसरी ध्वनिमुद्रणे) आणि डेमो (कच्ची नमुना ध्वनिमुद्रणे) यांची भर घालून दोन सीडी केल्याने संग्राहक खूश होतात. नवा श्रोता मात्र कंटाळतो. या माणसासाठी वीस गाण्यांची एक सीडी पुरेशी होती.

पारवा

मी 'किल बिल' या चित्रपटातल्या गाण्यांमधून फेदर्सपर्यंत पोहोचलो, त्यामुळे अधिकारवाणीने बोलणार नाही. पण सांजफेर यांनी सुचवलेले 'उपेक्षित' हे बिरुद थोडे तपासून घ्यावे असे वाटते. एल्विसचे 'आय फरगॉट टू रिमेंबर टू फरगेट' १९५६ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर होते आणि त्या गाण्याच्या श्रेयात गीतकार स्टॅन केस्लरच्या जोडीने फेदर्सचे नाव आहे. केस्लरच्या सांगण्यानुसार गाणे त्याचेच होते आणि फेदर्सला निम्मे श्रेय मिळाले ते डेमो गायल्याबद्दल. एल्विसला सुरुवातीची गाणी आपणच बसवून दिली, असेही फेदर्स सांगत असे; अभ्यासकांनी ते फारसे मनावर घेतलेले नाही. पुढे १९७७ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तो गायला, तेव्हा ब्रिटिश चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याची स्वतःची एकही रेकॉर्ड राष्ट्रीय यादीत चढली नाही, हे खरेच. पण अपयशी आणि अज्ञात यांत फरक आहे.

काळी पाच

कंट्री की रॉकबिली, या भांडणात संचातील १९६९ चे ध्वनिमुद्रण दोघांच्याही नजरेतून निसटलेले दिसते. 'फील गुड अगेन'मध्ये फेदर्सबरोबर ज्युनियर किम्ब्रो आहे. हा होली स्प्रिंग्जच्याच परिसरातला कृष्णवर्णीय ब्लूज गायक. फेदर्स त्याच्याकडून गिटार शिकला. दोघांच्या वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर. किम्ब्रोची पद्धत म्हणजे एकच स्वरबंध धरून ठेवायचा आणि त्याच्यावर गाणे डोलत राहू द्यायचे. हे ऐकून पुन्हा 'कान्ट हार्डली स्टँड इट' लावा. खर्जातला यांना जी रेंगाळणारी लय भावते, तिचा पत्ता बराचसा इथे लागतो. साऱ्या संगीताचा आदि आणि अंत किम्ब्रो आहे, हे फेदर्सचे म्हणणे किम्ब्रोच्या समाधीशिळेवर कोरलेले आहे. हे ध्वनिमुद्रण वीस गाण्यांच्या सीडीतून सर्वांत आधी गळले असते, हेही लक्षात घ्यावे.

सांजफेर

'काळी पाच' यांचा मुद्दा मला सुचायला हवा होता. 'मुळात कंट्री' यातला 'मुळात' मी मागे घेतो. मुळाशी किम्ब्रो बसलेला असताना तो शब्द टिकत नाही. पारवा, अभ्यासकांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे असेल. पण गाणे विकण्यासाठी केस्लरला फेदर्सचाच गळा लागला, हेही त्याच गोष्टीत आहे.

खर्जातला, डेमोंबद्दल मात्र मी हटणार नाही. आपल्याकडे गवयाची खासगी मैफल हाती लागली, तर खरखर आणि खोकल्यासकट आपण ती जपतोच ना? डेमोमध्ये हा माणूस एखादी ओळ कुठे तोडायची ते चाचपत असतो. तुमची लाडकी उचकी कशी घडत गेली, ते तिथेच कळते.

खर्जातला

मैफलीचा दाखला देऊन तुम्ही मला बरोबर कोंडीत पकडले आहे. माझ्याकडे अशा कॅसेटींचे दोन खोके आहेत. डेमो पुन्हा ऐकतो. 'डीफ्रॉस्ट'बद्दलचे मत मात्र आहे तिथेच आहे.